वाऱ्यात उघडलेले दार



आज सामान्य काळातील एकोणिसावा रविवार. आजच्या पहिल्या वाचनात आणि शुभवर्तमानात वारा आहे. एलीया संदेष्टा होरेब डोंगरावरच्या गुहेत आहे आणि त्याच्यासमोरून खडक फोडणारा सोसाट्याचा वारा जातो. शुभवर्तमानात शिष्यांची होडी किनाऱ्यापासून दूर गेली आहे, वारा समोरून आहे, लाटा होडीवर आदळत आहेत, आणि ही मंडळी रात्रभर वल्ही मारून थकली आहेत.

आपण बुटीबोरीची माणसे. समुद्र आपल्यापासून शेकडो किलोमीटर दूर. आपल्याकडे मे महिन्यात धुळीचे वादळ उठते, कडुलिंबाची फांदी तारांवर पडते, लाइट जाते आणि तासाभरात सगळे शांत होते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट ज्यांनी संत्र्याच्या बागेत किंवा गव्हाच्या शेतात उभे राहून पाहिली, त्यांना आभाळाचा कोप थोडा अधिक ठाऊक आहे. पण आपल्या घराचे छप्पर डोक्यावरून जाताना बघणे म्हणजे काय, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल. म्हणून या वेळी प्रवचनाची तयारी करताना आम्ही टीकाग्रंथ बाजूला ठेवले आणि आपल्याच धर्मग्रामातील एका कुटुंबाच्या स्वयंपाकघरात जाऊन बसलो. जे ऐकले ते त्यांच्या परवानगीने सांगत आहोत. (हे पापनिवेदनात ऐकलेले नाही, चहा घेताना ऐकलेले आहे, कोणी उगाच शंका घेऊ नये.) त्यांची नावे विचारू नका. ज्यांना ओळखू येतील त्यांनीही ओळख मनातच ठेवावी.

घरधनी आपल्या एमआयडीसीत कामाला आहेत. त्यांच्या पत्नीचे माहेर रायगड जिल्ह्यात, मुरुड तालुक्यात, अगदी समुद्रकाठी. त्या भागातले आपले कॅथलिक बांधव फार जुने. जवळच्या कोर्लई गावात तर किल्ल्याच्या पायथ्याशी राहणारी आपली माणसे आजही घरात पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिलाफातून झालेली बोली बोलतात. तिला ते 'नौ लिंग', म्हणजे आपली भाषा, म्हणतात. असो. मार्च २०२० मध्ये या ताईंच्या आईला पक्षाघाताचा झटका आला, म्हणून त्या दोन मुलांना घेऊन आठ-दहा दिवसांसाठी माहेरी गेल्या. पुढे काय झाले ते आपण सर्वांनी भोगले आहे. २५ मार्चपासून टाळेबंदी लागली. आठ-दहा दिवसांचे तीन महिने झाले. नवरा इकडे, बायको-मुले तिकडे.

आणि त्यात जूनमध्ये वादळ आले. त्याचे नाव 'निसर्ग'. हे नाव बांगलादेशाने सुचवलेले होते. आपल्या भागातील देश आधीच नावांची यादी करून ठेवतात आणि ती क्रमाने वापरली जातात. अमेरिकेच्या बाजूला ज्याला हरिकेन म्हणतात, चीन-जपानकडे टायफून म्हणतात, तेच आपल्याकडचे चक्रीवादळ. २ जूनला ग्रामपंचायतीने भोंग्यावरून सांगितले, कच्च्या घरातल्यांनी शाळेत जावे. ताईंच्या वडिलांनी जाण्यास नकार दिला. अर्धांगाने पडलेल्या बायकोला खाटेसकट कोण नेणार? आणि शाळेत गर्दी, गर्दीत कोरोना. घराचा पुढचा भाग कौलारू, मागचे स्वयंपाकघर आणि न्हाणी मात्र स्लॅबची. हा स्लॅब जावयाच्या बुटीबोरीच्या पगारातून काही वर्षांपूर्वी पडला होता. बाबांनी संध्याकाळी गाईचे दावे सोडले, म्हणजे गोठा पडला तर ती जनावराच्या बुद्धीने वाट काढील. काडेपेटी आणि मेणबत्त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधल्या, हंडे-कळशा भरल्या, आणि आईची खाट स्वयंपाकघरात आणली.

३ जूनला, बुधवारी, सकाळी दहापासून वारा वाढत गेला. अलिबागच्या दक्षिणेला ते वादळ दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान जमिनीवर आले. हवामान खात्याच्या नोंदीप्रमाणे वाऱ्याचा वेग ताशी शंभर-एकशेवीस किलोमीटरपर्यंत होता. ताई म्हणाल्या, "फादर, वेग आम्हाला काय कळणार? समुद्राचा आवाज कोणता आणि वाऱ्याचा कोणता हे ओळखता येईना, एवढेच कळले." पुढच्या खोलीची कौले एकामागून एक उडाली. मागे वाडीत सुपारीची झाडे आधी गवतासारखी वाकली, मग मोडू लागली. प्रत्येक झाड मोडताना बार उडाल्यासारखा आवाज येई आणि प्रत्येक आवाजाला बाबा एकदा डोळे मिटत. ती झाडे त्यांच्या वडिलांनी लावलेली होती.

एकच्या सुमारास मागचे दार वाजले.

येथे थोडे थांबून सांगायला हवे. शेजारी एक कोळी कुटुंब, नवरा-बायको, एक लहान मूल आणि म्हातारी सासू. ते मे महिन्याच्या शेवटी मुंबईहून गावी परतले होते आणि विलगीकरणात होते. त्यांचे चौदा दिवस अजून पुरे व्हायचे होते. त्या दिवसांत मुंबईहून आलेल्या माणसाकडे गावे कशी बघत, हे आपणाला आठवत असेल. आपणही तसेच बघत होतो, पुण्याहून आणि मुंबईहून आलेल्यांकडे. त्यांच्या कुंपणाला बांबू बांधला होता, तांदूळ आणि भाजी कुंपणाशी ठेवली जाई आणि ठेवणारा पाठ फिरवून जाई. त्या घरावर पत्रे होते. ते उडाले आणि चौघे धावत या दाराशी आले.

ताईंचा हात कडीवर होता. आत अंथरुणाला खिळलेली आई, आठ आणि पाच वर्षांची मुले. बाहेर ताप असेल-नसेल अशी चार माणसे. त्या आम्हाला म्हणाल्या, "दोन मिनिटे असतील, नाहीतर अर्धेच असेल. पण मी कडी काढली नाही, फादर. मी आतून विचारत होते, तुम्हाला खोकला आहे का? त्या वाऱ्यात त्यांना ऐकू तरी काय जाणार?" मग बाबा उठले. काही बोलले नाहीत. लेकीचा हात बाजूला केला आणि कडी काढली.

पुढचे तीन तास त्या स्वयंपाकघरात नऊ माणसे होती. मुले नमो मरिया म्हणत होती, म्हातारी सासू एकवीरा आईला हाका मारत होती. ताईंना जपमाळ म्हणता आली नाही. हातात होती, पण शब्द येईनात. आणि शेजारीण? ती सगळा वेळ भिंतीकडे तोंड करून उभी होती. पदराचा बोळा तोंडावर धरून. कोणी तिला तसे सांगितले नव्हते. आपला श्वास खाटेवरच्या आजारी बाईवर पडू नये म्हणून ती स्वतःहून तीन तास तशी उभी राहिली.

हे सांगताना ताई रडल्या. छप्पर गेल्याचे, वाडी गेल्याचे त्यांनी अगदी कोरड्या डोळ्यांनी सांगितले होते.

आता इकडची बाजू सांगतो, कारण त्यात आमचाही भाग आहे. बुधवारी सकाळी अकराला नवऱ्याचे आणि त्यांचे शेवटचे बोलणे झाले. मग फोन बंद. तिकडे टॉवर पडले होते, विजेचे खांब आडवे झाले होते, रस्त्यांवर झाडे होती. दूरदर्शनवर मुरुड आणि श्रीवर्धनची चित्रे दिसत होती. माणसाचे नाव दिसत नव्हते. निघून जावे तर जिल्हा ओलांडायला ई-पास लागे. गुरुवारी संध्याकाळी ते आमच्या निवासात आले. देवळे तेव्हा बंद होती, आम्ही रिकाम्या ख्रिस्तमंदिरात एकटेच मिस्सा अर्पण करत होतो. त्या दिवशी आपल्याकडेही आभाळ भरून आले होते. कोकणात उतरलेले ते वादळ ईशान्येकडे सरकत, विरत विरत पश्चिम विदर्भाच्या बाजूला पोहोचले होते आणि आमच्या अंगणात त्याची थंड झुळूक तेवढी लागत होती. आम्ही त्यांना पायरीवर बसवले, मध्ये दोन हात अंतर ठेवून, आणि म्हणालो, "देवावर विश्वास ठेवा, सर्व ठीक होईल." वर एलीयाची गोष्टही सांगितली, की देव वादळात नव्हता, शांत मंद स्वरात होता, आणि ही झुळूक पाहा.

त्यांनी आमच्याकडे पाहिले आणि विचारले, "फादर, हे तुम्हाला कळले आहे, की तुम्ही नुसते म्हणत आहात?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्हाला काहीच कळलेले नव्हते. सर्व ठीक होईल असे आम्हाला कोणी सांगितले होते? आणि ज्या झुळुकीत आम्ही देवाचा स्वर ऐकायला सांगत होतो, ती त्याच वाऱ्याची शेपटी होती ज्याने कदाचित त्यांची मुले नेली असतील. तो दाखला आम्ही आज सर्वांसमोर मागे घेतो. एलीयाला तो स्वर गुहेत लपून असताना, जीव नकोसा झाला असताना ऐकू आला होता. पायरीवर चहाचा कप घेऊन बसलेल्या माणसाने तो दुसऱ्याच्या जिवावर ऐकायचा नसतो.

सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो. तेथे हा प्रश्न एका धड्याचे शीर्षक म्हणून येतो, अनिष्टाचा प्रश्न. १७५५ साली १ नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणादिवशी, लोक मिस्सेला जमलेले असताना लिस्बनला भूकंप झाला आणि देवळे भाविकांवर कोसळली. हे जग शक्य असलेल्या सर्व जगांत उत्तम आहे असे लायब्निझ सांगून गेला होता. व्हॉल्टेअरने त्या भूकंपानंतर त्या विचाराची खिल्ली उडवली. परीक्षेत यावर आम्ही चांगले गुण मिळवले होते. आपल्या किनाऱ्याचाही असा एक दाखला आहे. मे १६१८ मध्ये वसई-मुंबईवर मोठे तुफान आले, सुमारे दोन हजार माणसे गेल्याचे जुन्या लेखनात आहे, आणि वसईत फ्रान्सिस्कन आणि जेझुइट यांच्या देवळांचीही छपरे त्यातून वाचली नाहीत. म्हणजे वाऱ्याने देऊळ आणि घर असा भेद केला नाही. २००५ साली अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला कतरिना आले, तेव्हा गाडी असलेले बहुतेक लोक शहराबाहेर पडले आणि ज्यांच्याकडे गाडी नव्हती ते पाण्यात अडकले. वारा पाप मोजत नाही. छप्पर कौलाचे की स्लॅबचे, एवढाच फरक त्याला कळतो.

हे आम्ही मुद्दाम सांगत आहोत, कारण वादळ, महापूर, रोगराई आली की आपल्यातले काहीजण लगेच म्हणतात, लोकांचे पाप वाढले म्हणून देवाने शिक्षा केली. सिलोआमचा बुरूज पडून अठरा माणसे मेली तेव्हा लोकांनी हेच म्हटले होते, आणि प्रभू येशूने ते साफ नाकारले. मेलेले इतरांहून अधिक पापी नव्हते असे त्याने बजावले. आजचे शुभवर्तमान घरी जाऊन पुन्हा वाचा. शिष्य स्वतःच्या मर्जीने त्या होडीत गेलेले नाहीत. येशूनेच त्यांना होडीत बसून पुढे जायला भाग पाडले आहे. ते वाऱ्यात सापडले ते आज्ञा मोडल्यामुळे नव्हे, पाळल्यामुळे. ताई माहेरी कशासाठी गेल्या होत्या? आजारी आईची सेवा करायला. चौथी आज्ञा पाळायला.

आणखी एक गोष्ट त्या नवऱ्याने आम्हाला दाखवली, जी आम्ही इतकी वर्षे वाचूनही पाहिली नव्हती. प्रभू येशू आला, पण केव्हा? रात्रीच्या चौथ्या प्रहरी. म्हणजे पहाटे तीननंतर. संध्याकाळपासून तोपर्यंत ती माणसे एकटीच झुंजत होती. अलिबागच्या दिशेला गेलेल्या एका मोटारसायकलवाल्याने रेंज मिळताच नंबर लावून "सगळी माणसे बरी आहेत" एवढे सांगितले, ते रविवारी, ७ जूनला दुपारी. चार रात्री गेल्या होत्या. "फादर, प्रभू आला हे खरे," ते म्हणाले, "पण पहिल्या तीन प्रहरांत तो कुठे होता हे मी त्याला विचारणार आहे." आम्ही त्यांना रागावलो नाही. ईयोबाने याहून कडक शब्दांत विचारले होते, आणि देवाने अखेर ईयोबाचीच बाजू खरी ठरवली. देवाच्या वतीने गुळगुळीत उत्तरे देणाऱ्या मित्रांवर तो संतापला. धर्मगुरूंनी हा भाग वरचेवर वाचावा असा आहे.

शिष्यांना तर प्रभू ओळखूही आला नाही. भूत आहे म्हणून ते ओरडले. ज्याच्या येण्याने सुटका व्हायची त्यालाच ते भ्याले. त्या मागच्या दाराशी उभ्या असलेल्या चार माणसांचा विचार आम्ही हे वाक्य वाचताना करत होतो. आणि पेत्र बुडू लागला तेव्हा येशूने त्याला समजावत बसण्याआधी हात धरला. विश्वास कमी पडल्याचे बोलणे हात धरल्यानंतरचे आहे. वारा तेव्हा चालूच होता. ती दोघे होडीत चढल्यावर तो पडला.

पंधरा दिवस ताई रोज सकाळी आईच्या आणि मुलांच्या कपाळाला हात लावून बघत होत्या. वडिलांशी त्या नीट बोलत नव्हत्या. कोणालाही ताप आला नाही. लोक म्हणतात, बघा, दार उघडले म्हणून देवाने राखले. आम्ही असे म्हणणार नाही. ताप आला असता, आई गेली असती, तर दार उघडणे चूक ठरले असते का? ताईंना आम्ही हा प्रश्न विचारला. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "बाबांना विचारले असते तर ते म्हणाले असते, दार वाजले म्हणून उघडले. मला अजून तसे म्हणता येत नाही."

वाडीचे काय झाले ते सांगतो. सुपारीची बहुतेक सर्व झाडे आणि नारळाची निम्मी गेली. शासनाने फळबागांची मदत हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजार रुपये केली. रक्कम ऐकायला मोठी. पण कोकणातली वाडी हेक्टरात नसते, गुंठ्यात असते. पाच गुंठ्यांच्या वाडीला त्या हिशेबाने सुमारे अडीच हजार रुपये. लोकांनी हे मांडल्यावर पुढे झाडामागे दर ठरला, नारळाला २५० आणि सुपारीला ५० रुपये. सुपारी लावल्यापासून फळ धरायला सहा-सात वर्षे जातात. सत्तरी ओलांडलेल्या बाबांनी त्याच पावसाळ्यात नवीन रोपे लावली. जावयाने विचारले, "कोणासाठी?" बाबा म्हणाले, "जागा रिकामी दिसते."

त्या हिवाळ्यात आई गेली. आपल्या अंथरुणावर, शांतपणे. ताईंनी बाबांना बुटीबोरीला आणले, कायमचे म्हणून. ते महिनाभर राहिले. आपल्यापैकी काहींनी त्यांना मागच्या बाकावर बसलेले पाहिले असेल. रात्रपाळीच्या भोंग्याने त्यांना झोप येईना आणि समुद्राच्या आवाजाशिवाय जाग नीट येईना, असे ते म्हणत. परत गेले. आणि मे २०२१ मध्ये पुन्हा वादळ, 'तौक्ते'. ते किनाऱ्यावर न उतरता १६ आणि १७ मेला कोकण आणि मुंबईच्या बाजूने समुद्रातून गुजरातकडे गेले. त्यात मुंबईजवळ पी-३०५ हे बार्ज बुडाले. त्यावर २६१ माणसे होती, नौदलाने बहुतेकांना वाचवले, पण कितीतरी घरांतला कमावता माणूस परत आला नाही. त्या बातम्या बघत ताई इथे फोन घेऊन बसल्या होत्या. या वेळी फोन लागला. बाबांनी सांगितले, शेजारची चौघे आदल्या रात्रीच अंथरुणे घेऊन स्वयंपाकघरात येऊन झोपली आहेत. दार वाजवण्याचा प्रश्नच आला नाही, कडी लावलेलीच नव्हती.

आता आमची स्वतःची एक गोष्ट, जी आम्ही ताईंचे ऐकून घेतल्यानंतर त्यांना सांगितली आणि आज तुम्हाला सांगतो. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात संध्याकाळी आपल्याकडे जोराचे वादळ झाले. कारखान्यांमागच्या चाळींतल्या खोल्यांचे पत्रे उडाले. कोणत्या राज्यातले, कोणत्या धर्माचे ठाऊक नाही, पण पंधरा-वीस कामगार लेकरांसह आपल्या देवळाच्या सभागृहाच्या ओट्यावर येऊन उभे राहिले. सभागृहाला कुलूप होते. आम्ही नागपूरला एका बैठकीला गेलो होतो आणि किल्ली आमच्या खिशात होती. रखवालदाराने फोन केला. आम्ही म्हणालो, "आत नवीन खुर्च्या आहेत, माईकचा संच आहे. आम्ही येतो, तोवर ओट्यावर थांबू द्या." आम्ही पोहोचेपर्यंत रात्रीचे दहा वाजले. ओट्यावर चिखलाची पावले होती, माणसे निघून गेली होती. ती कुठे गेली हे आम्ही शोधले नाही.

मागच्या आठवड्यात धर्मग्राम समितीच्या बैठकीत ठरल्याप्रमाणे सभागृहाच्या आणखी दोन किल्ल्या करून घेतल्या आहेत. एक रखवालदाराकडे राहील आणि एक सभागृहासमोरच्या किराणा दुकानात, जे रात्री उशिरापर्यंत उघडे असते. दुकानदार आपल्या धर्माचे नाहीत. त्यांनी लगेच होकार दिला. कोणाला विचारायची गरज नाही. खुर्च्या भिजल्या तर पुसता येतील. चाळीच्या बाजूला राहणाऱ्या आपल्या कुटुंबांनी हे तेथील शेजाऱ्यांना त्यांच्या त्यांच्या भाषेत कळवावे. ज्यांच्याकडे जादा चटया असतील त्यांनी त्या या रविवारी किंवा पुढच्या रविवारी मिस्सेनंतर सिस्टरांकडे द्याव्यात.

आणि बाबा या महिन्याच्या अखेरीस आठ दिवसांसाठी बुटीबोरीला येत आहेत. सोबत नव्या झाडांची सुपारी आणणार आहेत, असा निरोप आहे.